सुतळी सर

सरांच्या शर्टाच्या खिशात सुतळीचं गुंडाळं असायचं. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाच्या खिशात आपण पेन ड्राइव्ह शोधू, निदान खडू तरी. सरांच्या खिशातून किराणा दुकानात पुडे बांधतात तसल्या सुतळीचं टोक लोंबत असे आणि चालताना ते पोटावर हेलकावे खाई. परभणीच्या आमच्या कॉलेजात आम्ही त्यांना सुतळी सर म्हणायचो, अर्थात पाठीमागं. पण त्यांना ते ठाऊक होतं. एकदा हजेरी चालू असताना मागच्या बाकावरून कोणी ते नाव जरा मोठ्यानं उच्चारलं, तेव्हा मान वर न करता ते म्हणाले, "सुतळी सर म्हना, काई हरकत न्हाई. पर सुतळी घट धरा."

ते आम्हाला कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकवत. त्यातला त्यांचा लाडका धडा एकच, बहुभुज आकार आयताच्या चौकटीत कापण्याचा. पडद्याला चार कडा असतात, चित्र मात्र केवढंही पसरलेलं असतं. चौकटीत बसेल तेवढं ठेवायचं, बाहेरचं कापायचं, आणि कापल्यावर जो आकार उरेल तो पुन्हा चारी बाजूंनी बंद झाला पाहिजे, त्याला कुठं उघडं तोंड राहता कामा नये. धडा एवढाच. इतर कॉलेजांत तो दोन तासांत उरकतात. आमच्याकडे तो तीन आठवडे चालला.

हे आता लिहायचं कारण असं की त्या धड्याचा शेवटचा भाग मी परीक्षेत ऑप्शनला टाकला. सातपैकी कोणतेही पाच सोडवा, असं पेपरावर छापलेलं असायचं आणि कोणते दोन मेलं तरी करायचे नाहीत हे आम्ही आठवडाभर आधीच ठरवून ठेवायचो. मी पाचवा सोडला. पुढं नोकरीत मी काढलेल्या एका रेघेपायी सरांच्या थोरल्या बहिणीची, आक्कांची, विहीर बुजायची वेळ आली. ते कसं झालं ते सांगायचं तर आधी सर सांगायला हवेत.

सर आम्हाला नावानं हाक मारत नसत. वर्गात तीन पूजा होत्या आणि आकाश किती होते याची मोजदाद मी ठेवली नाही. "कोपऱ्याला एकच नाव पायजे," ते म्हणायचे. "दोन कोपऱ्याला एक नाव दिलं की आकाराचा सत्यानाश." म्हणून ते गावावरून हाक मारायचे. जिंतूर, उभं राहा. मानवत, फळा पूस. गंगाखेडच्या दोघीजणी होत्या, तर एक वरचं गंगाखेड झाली आणि दुसरी नदीचं गंगाखेड. मी सोनपेठ. पहिल्या महिन्यात मला याचा राग यायचा. मी काय आठवडी बाजार आहे का, असं मी खोलीवर येऊन म्हणायचे. नंतर इतकी सवय झाली की बसस्टँडवर कंडक्टर "सोनपेठ, सोनपेठ" ओरडायला लागला की मी दचकून मागं बघायचे.

धडा सुरू झाला की ते आम्हाला वर्गातून उठवून मैदानात न्यायचे. तिथं चुन्यानं एक मोठी चौकट आखलेली असे. मग सहा-सात जणांना वेडंवाकडं उभं करायचं, काहींना चौकटीत, काहींना चौकटीबाहेर, आणि सगळ्यांच्या हातांतून सुतळी फिरवून टोकं बांधून टाकायची. झाला बहुभुज. मग सर सुतळीवर हात ठेवून एका कोपऱ्यापासून चालायला लागायचे आणि प्रत्येकापाशी थांबून विचारायचे, "आत का भाईर?" आम्ही सगळ्यांनी मिळून ओरडायचं. आतून आत गेलो तर पुढचा कोपरा लिहायचा. आतून बाहेर गेलो तर सुतळी चुन्याची रेघ जिथं ओलांडते तेवढीच जागा लिहायची. बाहेरून आत आलो तर आधी ती ओलांडण्याची जागा, मग कोपरा. "आन् भाईरून भाईर गेलो तर?" सर विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "काईच लिवायचं न्हाई. त्यायला चहा प्यायला जाऊ द्या." बाहेर पडलेले खरोखरच कँटीनला जायचे. त्यामुळं जिंतूर दरवेळी चौकटीपासून जेवढं लांब उभं राहता येईल तेवढं लांब उभा राहायचा.

रेघेवरच पाय असला तर काय, असा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला, कारण मानवत मुद्दाम रेघेवर उभी राहिली होती. "रेघंवरचा आतलाच," सर म्हणाले. का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "कुटंतरी ठरवावंच लागतंय. मंग आत का न्हाई धरायचं? भाईर काडायला काई लय डोकं लागत न्हाई." हा नियम ते हजेरीलाही लावायचे. शेवटचं नाव पुकारून होईपर्यंत ज्याचा पाय वर्गाच्या उंबऱ्याला लागला तो हजर. जिना चढता चढता उडी मारून उंबरा गाठणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यात मीही होते.

दुसरा नियम एका वेळी एकच बाजू. चौकटीला चार बाजू असल्या तरी आधी फक्त डावीचं बघायचं, डावीनं कापून झालं की जो आकार उरेल तो उजवीला द्यायचा, मग खालची, मग वरची. "डावीचं चालू असताना बाकीच्या तीन ह्या दुनियेत न्हाईतच," असं ते सांगायचे. हे त्यांच्या अंगातच मुरलेलं होतं. रागवायचे तेसुद्धा असंच. "आज आपन फक्त उशिरा येन्याचं बोलू. जर्नलचं उद्या." आणि दुसऱ्या दिवशी न विसरता जर्नलचं बोलायचे. ते तासिका तत्त्वावर होते. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला निरोप, असं त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. स्टाफरूममध्ये कोणी कळवळ्यानं विचारायचं, "सर, पर्मनंटचं काय झालं हो?" सर सुतळी गुंडाळत म्हणायचे, "आज डाव्या बाजूचं चालू हाय." विचारणाऱ्याला काय समजायचं कोण जाणे, पण पुन्हा तो विचारत नसे.

त्यांच्याविषयी आम्हाला फारसं ठाऊक नव्हतं. पेडगावच्या पुढं त्यांचं गाव, दर शनिवारी ते एस.टी.नं तिकडं जायचे आणि सोमवारी चपलेला काळी माती घेऊन यायचे. बायको नव्हती. कधी झाली नाही की राहिली नाही, ते विचारण्याची आमची टाप नव्हती. कोणी "जयभीम सर" म्हटलं की ते "जयभीम" म्हणत, कोणी "नमस्कार" म्हटलं की "नमस्कार", आणि "सलाम सर" म्हणणाऱ्या नदीच्या गंगाखेडला "सलाम, बेटा". त्यांच्या टेबलाच्या काचेखाली बाबासाहेबांचा एक छोटा फोटो होता आणि शेजारी एका बाईचा, नऊवारीतला, शेतात काढलेला. आई असेल असं आम्ही धरून चाललो होतो. ती आक्का होती. तिनं दुसऱ्यांच्या रानात खुरपून या भावाला शिकवलं, आणि तो नोकरीला लागल्यावरही खुरपणं न सोडता स्वतःच्या कमाईनं सव्वा एकर रान घेतलं, त्यात नवऱ्याच्या मदतीनं विहीर खणली. हे सगळं मला फार उशिरा समजलं.

तिसरा नियम त्यांनी आमच्या वह्यांत लाल शाईनं स्वतःच्या हातानं लिहून दिला होता. मूळ यादीला हात लावायचा नाही. कापायचं ते नकलेवर. "कापून फेकून दिलेला कोपरा परत मागाया गेलास तर कुटून आननार? मी तर येनार न्हाई जोडायला." हा एक नियम मी आजवर पाळला. पाळला म्हणून वाचले, असंच म्हणायला पाहिजे.

आणि मग शेवटचा भाग. त्या दिवशी सरांनी पोरांना बैलाच्या तोंडासारखं उभं केलं. दोन शिंगं चौकटीत शिरलेली, डोकं चौकटीच्या खाली, बाहेर. नेहमीच्या रीतीनं ते सुतळीवर हात ठेवून फिरले, आत-बाहेर विचारत गेले, आणि डोक्याकडची पोरं चहाला गेली. चौकटीत दोन शिंगं राहिली. दोन वेगळे तुकडे. पण सुतळी तर एकच होती. ती एका शिंगातून निघाली, खालच्या चुन्याच्या रेघेवरून सरळ दुसऱ्या शिंगाकडे गेली, ते शिंग फिरून आली आणि त्याच रेघेवरून परत पहिल्याकडं. चुन्यावर सुतळी दुहेरी पडली होती.

"बगा," सर म्हणाले, "आकाराचे दोन तुकडे झाले. पर आपल्या रीतीला दोन म्हनता येत न्हाई, तिला एकच येतंय. म्हनून तिनं कडंकडंनं सुतळी वढली. हितं खरी बाजू न्हाई. ही खामखा रेघ हाय. रंग भरला तर दिसत न्हाई, कारन हिला रुंदीच न्हाई. पर कड काडायला गेला की डोळ्यात बोट घातल्यावानी दिसती. ध्यानात ठेवा, हिच्यावर भरोसा ठेवून कोनी चालाया लागला तर लय घोटाळा."

मी ध्यानात ठेवलं नाही. मला तीनची एस.टी. गाठायची होती. परीक्षेत खामखा रेघेवर पंधरा मार्कांचा पाचवा प्रश्न आला आणि मी तो सोडून सहावा लिहिला. मार्क चांगले पडले. पेपर दाखवायला बोलावलं तेव्हा सर म्हणाले, "पाचवा सोडलास, सोनपेठ."

"ऑप्शनला टाकला, सर."

"हां," ते म्हणाले, "परीक्षेत टाकता येतंय." आणि पुढच्या गावाला हाक मारली.

काही वर्षांनी मला परभणीतच एका खासगी ऑफिसात नोकरी मिळाली. ग्रामपंचायतींसाठी गावांचे नकाशे करून द्यायचं काम होतं. जुन्या कागदांवरून शेतं, ओढे, पांदणी, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटा, कॉम्प्युटरवर उतरवायच्या, आणि अख्खा नकाशा एका कागदावर मावत नाही म्हणून त्याचे आयताकृती भाग पाडून छापायचे. भाग पाडणारा प्रोग्रॅम माझा. हे काम करणारे आयते प्रोग्रॅम मिळतात, नाही असं नाही. पण मला सरांची रीत पाठ होती, आणि जे पाठ आहे ते वापरण्यात एक मिजास असते. आकारांना रंग भरायचा आणि पांदणीच्या अरुंद पट्ट्याला वरून जाड तपकिरी कड काढायची, असं आमच्या साहेबांनी ठरवलं होतं. छापलेले कागद सुरेख दिसायचे. मी त्यातला एक घरी नेऊन आईला दाखवलासुद्धा.

एका गुरुवारी दुपारी सर ऑफिसात आले. केस पार पांढरे झालेले, शर्ट तसाच, खिसा तसाच. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणि सुतळीनं बांधलेली वळकटी. मी उठून नमस्कार केला. "नमस्कार. तू हितं हायस असं जिंतूर म्हनला," ते म्हणाले, आणि वळकटी सोडून माझ्या टेबलावर पसरली. आमचाच कागद होता, त्यांच्या गावचा. कागदाच्या खालच्या कडेवर त्यांनी बोट ठेवलं.

"ही रेघ कोनाची?"

"पांदण आहे, सर."

"कोनती पांदन?"

मी बघायला लागले. गावाकडून निघालेली पांदण एका ठिकाणी कागदाच्या खाली उतरत होती. जरा पलीकडे ती पुन्हा कागदात वर येत होती. मधला भाग कागदाबाहेर, म्हणजे खालच्या दुसऱ्या कागदावर. आणि ही दोन टोकं जोडत, कागदाच्या अगदी कडेनं, एक जाड तपकिरी रेघ सरळ गेली होती. एका शेताच्या आरपार. दोन शिंगं, आणि डोकं चौकटीबाहेर.

"सर, ही..."

"हां. बोल."

"खामखा रेघ आहे."

"पाचवा प्रश्न," सर म्हणाले, आणि समोर आलेला चहा बशीत ओतला.

मग त्यांनी शांतपणे हकीकत सांगितली. हा कागद पंचायतीच्या भिंतीवर लागला होता. एवढाच, खालचा कोणी लावला नव्हता. ज्या शेतातून रेघ गेली त्याच्या पलीकडे दत्तराव नावाच्या शेतकऱ्याचं रान आहे. त्यांच्या बैलगाडीला फार लांबून वळसा पडतो. त्यांनी भिंतीवर बघितलं की सरळ पांदण आहे, ती कोणीतरी नांगरून गिळली आहे, तर ती मोकळी करून द्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं, नकाशा तसंच सांगत होता. पांदणी मोकळ्या करण्याचं काम चालूच होतं, सोमवारी जेसीबी यायचा होता. नेमक्या त्या रेघेवर एका बाईची विहीर होती. ती बुजणार होती.

ती बाई कोण हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आज वाटतं, सांगितलं असतं तर मी सरांच्या बहिणीसाठी म्हणून केलं असतं, आणि त्यांना तर फक्त रेघ खरी की खोटी एवढंच विचारायचं होतं. एका वेळी एक बाजू.

"ही रेघ खोटी हाय एवडं लिवून दे," ते म्हणाले. "तुजं नाव नसलं तरी चालंल. हापिसाचं पायजे."

मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हते, पण शहाणे होते. नवीन कागद छापून गुपचूप पाठवून देऊ, ते म्हणाले, लेखी चूक कबूल करायची नाही, उद्या सगळ्या गावांतून पत्रं येतील. मी बाहेर येऊन सरांना तसंच सांगितलं. सर नकाशाची वळकटी करत म्हणाले, "गावात एका रानाचे दोन नकाशे झाले की ज्याला जो पायजे तो खरा. नवा कागद म्हंजी कोनीतरी हापिसात जाऊन पुसून आनला, असंच म्हनतेत लोक." ते खरं होतं. त्यांच्या गावातली माणसं मला ठाऊक नव्हती, पण सोनपेठची ठाऊक होती.

"मी येते सर, सोमवारी," असं मी म्हणाले. म्हटल्यावर मला भीती वाटली, हे कबूल करते.

"ये," सर म्हणाले. "सुतळी मी आनतो."

सोमवारी सकाळी मी पोचले तेव्हा रानात तीस-चाळीस माणसं जमली होती. जेसीबी बांधाला लागून उभा होता. विहिरीच्या काठावर एक म्हातारी, उन्हानं रापलेली, हात कमरेवर ठेवून उभी होती. सगळे तिला आक्का म्हणत होते, सरही. सरांनी मोकळ्या रानात चुन्याची एक रेघ आखून ठेवली होती. खालची बाजू. "बाकीच्या तीन आज नकोत," ते मला म्हणाले.

मग त्यांनी गावालाच उभं केलं. चुन्याच्या वर पांदणीची दोन टोकं धरायला चार माणसं, चुन्याच्या खाली वळसा धरायला चार. दत्तरावांना खाली उभं केलं. जेसीबीचा ड्रायव्हर आपणहून पुढं आला, त्यालाही एक कोपरा दिला. सगळ्यांच्या हातांतून सुतळी फिरली. "हे बगा, ही तुमची पांदन," सर म्हणाले. "ही कागदाची कड. आता मी फिरतो. तुमी फक्त सांगा, आत का भाईर."

सुरुवातीला लोक लाजले. तिसऱ्या कोपऱ्यापासून अख्खं रान ओरडायला लागलं. सगळ्यात मोठा आवाज ड्रायव्हरचा होता. "दत्तराव, आत का भाईर?" असं सरांनी विचारलं तेव्हा "भाईर!" म्हणून जो गलका झाला त्यात दत्तरावही हसले. बाहेरच्यांनी सुतळी सोडली, सरांनी ती ओढून चुन्यावर आणली. एकदा जाताना, एकदा येताना.

"दत्तराव, या. हितं खाली बसून बगा. कितीपदरी पडली?"

दत्तराव उकिडवे बसले. "दुहेरी पडलीया की."

"मंग ही तुमची नकाशातली पांदन. ह्या दोन सुतळ्यांच्या मधून तुमची गाडी घालून दावा."

कोणीतरी मोठ्यानं हसलं. दत्तराव हसले नाहीत. सुतळीकडं बघत राहिले. मग मान वर करून म्हणाले, "पर मास्तर, कागदावर तर मशीननं काडलीया."

इथं मला बोलावं लागलं. मी पुढं झाले आणि म्हणाले की मशीन मी चालवते, हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि मी ते सोडून दिलं होतं, चूक माझी आहे, ही रेघ खोटी आहे. मग मी बरोबर आणलेला खालचा कागद जमिनीवर पसरला, भिंतीवरचा त्याच्या वर जोडून ठेवला. पांदणीची दोन्ही टोकं बरोबर जुळली. खालच्या कागदावर ती ओढ्याच्या कडेनं वळसा घेऊन सरळ दत्तरावांच्या रानाला लागत होती.

"म्हंजी पांदन हाय," दत्तराव सावकाश म्हणाले. "पर तिकडून हाय."

"व्हय. येड्या बाभळीनं भरलीया म्हनून कोनाच्या ध्यानात ऱ्हायली न्हाई," सर म्हणाले.

दत्तरावांनी धोतराची धूळ झटकली. "मला रस्ता पायजे. कुटून का असंना." ड्रायव्हर तेवढ्यात जेसीबीत चढला होता. दुपारपर्यंत ओढ्याकडच्या बाभळी निघाल्या. विहिरीवरच्या म्हातारीनं पाणी शेंदून सगळ्यांना दिलं, मलाही.

लोक पांगल्यावर सर लिंबाखाली बसले आणि सुतळी गुंडाळायला लागले. "आता सांग," ते म्हणाले. "एका आकाराचे दोन तुकडे पडले तर काय करायचं?"

मी उभी राहूनच उत्तर दिलं. सुतळी जिथं जिथं कड ओलांडते त्या जागा कडेवर ओळीनं मांडायच्या. त्यांच्या जोड्या लावायच्या. प्रत्येक तुकडा आपापल्या जोडीपाशी बंद करायचा आणि कडेवर दुहेरी पडलेली बाजू टाकून द्यायची. सरांनी मान हलवली.

"पंधरापैकी चौदा."

"एक कशाचा गेला, सर?"

"उशीर झाला."

ऑफिसात गेल्यावर मी सगळ्या गावांचे कागद तपासले. अशा रेघा आणखीही निघाल्या. मूळ याद्या नीट ठेवल्या होत्या म्हणून सगळं नव्यानं कापता आलं. प्रत्येक नव्या कागदावर खाली छापलं, आधीचा कागद रद्द. साहेब महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत, पण छापू दिलं.

त्यानंतर दोन वर्षांनी कॉलेजात नवा अभ्यासक्रम आला आणि हा धडा गेला. आता सगळं आयतं मिळतं, शिकवायचं काय, असं म्हणतात. त्या जूनला सरांना ऑर्डर आली नाही. ते गावी आक्कांकडे राहायला गेले. मी भेटायला जाणार होते, दर शनिवारी जाणार होते. जिंतूरचा फोन आला तो सर गेल्याचाच. हृदयविकार, दुपारी, रानात. मी फोन ठेवला. माणूस गेल्यावर आपण किती शनिवार वाया घालवले ते मोजत बसतो, तसं मीही केलं.

पुण्यानुमोदनाला आम्ही बरेच जण गेलो. मानवत आली होती, दोन्ही गंगाखेडं आली होती. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील म्हणवून घेतलं, दोन माणसं बोलली. फोटोशेजारी ती विहिरीवरची म्हातारी बसली होती. ही सरांची थोरली बहीण, असं जिंतूरनं माझ्या कानाशी सांगितलं, आणि त्या गुरुवारी सर टेबलाशी बसून काय काय बोलले नव्हते ते मला तेव्हा समजलं. मला फार लाज वाटली. सगळे जेवायला बसले तरी मी दारातच घुटमळत राहिले. आक्का उठून माझ्यापाशी आल्या.

"तू दोरीच्या दिवशीची पोरगी न्हवं का? कोनतं गाव?"

"सोनपेठ."

"मंग तूच ती." त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "त्या दिशी जेवताना भाऊ म्हनला, आक्का, लय वरसांचा एक पेपर तपासायचा ऱ्हायला होता, आज झाला. लय खुशीत होता. एक भाकर जास्त खाल्ली."

"आक्का, ती रेघ माझीच होती," मी म्हणाले. "तुमची विहीर..."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "विहीर हाय की तितंच. पानी देते, ये. उंबऱ्यावर कामून उभी हायस? आत ये."